उघडा क्लच, लोंबता पदर

रविवारची सकाळ, नाशिकचा गंगापूर रोड, चुलीवरच्या मिसळीचं ठिकाण. आम्ही गाडीने गेलो होतो, भाचा त्याच्या जुन्या इटालियन बाइकवर आला. बाइक त्याने गेल्या वर्षी सेकंडहँड घेतली आणि महिन्याभरापूर्वी तिच्या उजव्या अंगाचं क्लचचं झाकण काढून तिथे तीन आऱ्यांचं उघडं झाकण बसवलं. आतलं सगळं दिसतं. चकचकीत प्लेट, सहा स्प्रिंगा, त्यांच्या बोल्टांची डोकी, आणि हे सगळं गरगर फिरत असतं. आवाजही वेगळाच, घासलेल्या भांड्यांची टोपली कुणी हलवावी तसा.

पाच मिनिटांत पार्किंगमध्ये सात-आठ जण जमले. कडेवर मूल घेतलेली एक बाई बघायला वाकली आणि तिची ओढणी खांद्यावरून घसरून खाली आली. ओढणीचं टोक आणि ती बोल्टांची डोकी यांच्यात वीतभर अंतर उरलं होतं. मी ओढणी मागे धरली आणि भाच्याला म्हटलं, "आधी बंद कर."

तो म्हणाला, "मावशी, न्यूट्रलला आहे. काही होत नाही."

तो निष्काळजी मुलगा नाही. हेल्मेटशिवाय गाडी काढत नाही, चेनला तेल वेळेवर देतो. त्यालाही न्यूट्रल म्हणजे सगळं थांबलेलं असं वाटत होतं, म्हणून हा लेख लिहायला बसले. मी सातपूरच्या एका कारखान्यात देखभाल विभागात बावीस वर्षं काम करते. फिरणारं यंत्र आणि लोंबणारं कापड एकत्र आले की काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे.

## क्लच करतो काय

इंजिन चालू असतं तोवर फिरतच राहतं. चाकाला मात्र सिग्नलला थांबावं लागतं, पुन्हा निघावं लागतं. या दोघांना हवं तेव्हा जोडणारा आणि हवं तेव्हा सोडवणारा दुवा म्हणजे क्लच.

स्टीलच्या दोन ताटल्या एकमेकींवर घट्ट दाबा आणि एक फिरवा, दुसरीही फिरेल. दाब सैल केलात की एक फिरत राहते आणि दुसरी जागेवर थांबते. बाइकच्या क्लचमध्ये अशा ताटल्यांची चळत असते, म्हणजे एकाआड एक बऱ्याच प्लेटा. ही चळत ज्या भांड्यात बसते त्याला बास्केट म्हणतात आणि ते गिअरने थेट इंजिनला जोडलेलं असतं. आतल्या बाजूने प्लेटा ज्या गाभ्यावर बसतात तो हब, तो गिअरबॉक्सला जोडलेला. चळतीला बाहेरून दाबून धरणारी तबकडी म्हणजे प्रेशर प्लेट. तिला दाबायला स्प्रिंगा असतात आणि स्प्रिंगांना धरायला बोल्ट. एवढी तीन नावं लक्षात ठेवलीत तरी पुढचं सगळं कळेल.

आपल्या रोजच्या बाइकचा, म्हणजे स्प्लेंडर, पल्सर, बुलेट अशा गाड्यांचा क्लच तेलात बुडालेला असतो. त्याला ओला क्लच म्हणतात. त्याचं झाकण उघडं ठेवायचा प्रश्नच नाही, तेल वाहून जाईल. काही बाइकचा क्लच मात्र तेलाबाहेर, हवेत फिरतो. तो कोरडा क्लच. इटलीच्या डुकाटी कंपनीच्या बऱ्याच जुन्या स्पोर्ट बाइकना तो होता. 1994 च्या 916 या मॉडेलला होता, पुढे 1098 आणि 1198 लाही होता. 2012 च्या 1199 पानिगालेला कंपनीने ओला क्लच दिला. नंतर 2019 च्या पानिगाले व्ही-4 आर या रेससाठीच्या मॉडेलवर कोरडा क्लच परत आला. तेल नसल्यामुळे कोरड्या क्लचवरचं झाकण काढलं तरी गाडी चालते, आणि उघड्या झाकणाचा शौक इथूनच सुरू होतो.

## न्यूट्रलला काय फिरतं

सगळं फिरतं.

न्यूट्रल ही गिअरबॉक्सच्या आतली गोष्ट आहे. क्लच गिअरबॉक्सच्या आधी, इंजिनच्या बाजूला येतो. गाडी न्यूट्रलला आहे, क्लचचा लिव्हर सुटा आहे आणि इंजिन धडधडतंय, अशा वेळी बास्केट फिरतं, दाबलेल्या प्लेटा फिरतात, हब फिरतो आणि बाहेरून दिसणारी प्रेशर प्लेट तिच्या सहाही बोल्टांसकट फिरते. चाक तेवढं उभं असतं. आपण चाकाकडे बघतो आणि गाडी थांबलेली आहे असं धरून चालतो.

गाडी गिअरमध्ये टाकून लिव्हर दाबून उभी ठेवली तर प्रेशर प्लेट थांबते, पण तिच्याभोवतीचं बास्केट फिरतच राहतं. म्हणजे इंजिन चालू असताना असा एकही क्षण नसतो, जेव्हा त्या उघड्या झाकणाआड काहीच फिरत नाही.

म्हणूनच माझ्या मते अशा बाइकचा खरा धोका ती धावताना कमी आणि उभी असताना जास्त. धावणाऱ्या बाइकच्या क्लचपाशी कोण वाकणार? चालवणाऱ्याचा उजवा पाय तिथे असतो, तेवढंच. उभ्या, चालू बाइकपाशी मात्र माणसं येतात, वाकतात, मुलं बोट दाखवतात आणि दाखवता दाखवता पुढे नेतात.

## मग उघडं ठेवतात कशाला?

तीन कारणं सांगितली जातात: गारवा, धूळ आणि आवाज.

गारव्याचं कारण खोटं नाही. प्लेटा घासतात, उष्णता होते, आणि ती वाहून न्यायला तेल नाही. रेसमध्ये सुटताना क्लचवर प्रचंड ताण येतो, तिथे मोकळी हवा उपयोगी पडते. प्लेटा झिजून जी काळी भुकटी होते तीही उघड्या झाकणातून बाहेर पडते. पण द्वारका चौकातल्या कोंडीत क्लच तापतो तो अर्धा दाबून गाडी रेटत नेल्यामुळे. तिथे न्यूट्रल करून लिव्हर सोडला तर जेवढा फरक पडेल तेवढा झाकणाने पडणार नाही. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्र्यंबक रोडला जो चिखल उडतो, तो त्याच भोकातून आत जातो. भिजलेला कोरडा क्लच सुरुवातीला घसरतो, झटके देतो, आतल्या स्टीलच्या प्लेटांना गंज धरतो.

राहिला आवाज. प्लेटांच्या कडेला बाहेर आलेले कान असतात, ते बास्केटच्या खाचांमध्ये बसतात. कान आणि खाच यांच्यात थोडी फट असते, लिव्हर दाबला की प्लेटा मोकळ्या होतात आणि कान खाचेत खडखडतात. तेल असतं तर आवाज मऊ झाला असता. हा खडखडाट झाकण बंद असतानाही असतो, उघडल्यावर तो मोकळा ऐकू येतो इतकंच. भाच्याला तो आवडतो. मलाही तो वाईट वाटत नाही. यंत्राचा आवाज ऐकत दिवस घालवणाऱ्या माणसाला त्यातली ओढ कळते.

## कापड धरलं कसं जातं

मी एकोणीस वर्षांची होते, डिप्लोमानंतर अंबडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून लागले होते. ओढणी ॲप्रनच्या आत खोचायची, असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी ती खोचलीही होती. दुपारी ड्रिल मशीनवर वाकून प्लेटला भोक पाडताना मागचं टोक ॲप्रनमधून कधी सुटलं ते कळलं नाही. मला ओढ जाणवली ती थेट मानेवर. आधी काही दिसलं नाही, कुठे टोक उडालं नाही, काही नाही. शेजारच्या फिटरकाकांनी हात मारून लाल बटण दाबलं आणि ड्रिल थांबलं. माझा चेहरा चकपासून, म्हणजे ड्रिल धरणाऱ्या फिरत्या पकडीपासून, हातभर अंतरावर होता.

नंतर ती ओढणी सोडवताना पाहिली. जॉर्जेटची होती. तिचा करंगळीएवढा जाड, कडक पीळ झाला होता, आणि ड्रिलला लागून असलेला भाग घर्षणाने वितळून चिकटला होता. कात्रीने कापतानासुद्धा जोर लावावा लागला. मानेवरचा लाल वळ आठ दिवस होता.

त्या दिवशी जे झालं त्याच्यात तीन गोष्टी होत्या, आणि उघड्या क्लचमध्ये त्या तिन्ही आहेत.

पहिली, हवा. फिरणारी तबकडी समोरची हवा मधोमध ओढून घेते आणि कडेने बाहेर फेकते. जड कापडाला याचं काही नसतं. पातळ ओढणी, शिफॉनचा पदर, तोंडाला बांधायच्या स्कार्फचं टोक अशा गोष्टी मात्र जवळ आल्यावर तिकडे झुकतात, आणि रेस दिली की जास्तच.

दुसरी, धरायला काहीतरी. गुळगुळीत तबकडीवरून कापड घसरून जाऊ शकतं. प्रेशर प्लेट गुळगुळीत नसते. तिच्यावर बोल्टांची डोकी आहेत, स्प्रिंगा आहेत, मध्ये खळगे आहेत. शिवाय उघड्या झाकणाच्या आऱ्या जागेवर स्थिर आणि त्यांच्या आड बोल्ट फिरते. या दोहोंच्या मधल्या फटीत बोट गेलं तर कात्रीत गेल्यासारखं आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि ती आपल्या गावाकडच्या प्रत्येकाला माहीत आहे. मस्तवाल बैलाला हातात कासरा धरून कुणी रोखत नाही. खुंटाला किंवा झाडाच्या बुंध्याला कासऱ्याचे दोन वेढे मारले की दुसरं टोक लहान पोराने धरलं तरी बैल हलत नाही. दोरी आणि लाकूड यांच्यातलं घर्षण प्रत्येक वेढ्याला पकड कितीतरी पटीने वाढवतं. घर्षणांक, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरतात त्याचा आकडा, 0.3 धरून गणित केलं तर एका वेढ्याने पकड साडेसहा पट होते, दोन वेढ्यांनी सुमारे 43 पट आणि तीन वेढ्यांनी सुमारे 285 पट. बोल्टांभोवती गुंडाळल्या गेलेल्या ओढणीचं हेच होतं. टोक नुसतं अडकलेलं असेल तर ते हिसक्याने सुटेल. एकदा तीन वेढे पडले की ते सुटत नाही. कापड फाटेल किंवा त्याच्या दुसऱ्या टोकाला जे आहे ते ओढलं जाईल.

## हात वेळेवर पोचेल का

हिशेब घालून बघू. मोठ्या बाइकचं इंजिन नुसतं चालू ठेवलं, म्हणजे आयडलला, तर मिनिटाला साधारण 1,200 फेरे घेतं. गिअरमुळे क्लच त्याच्या जवळपास अर्ध्या गतीने फिरतो: मिनिटाला 600, सेकंदाला 10 फेरे. स्प्रिंगांचे बोल्ट ज्या वर्तुळात आहेत त्याचा व्यास 10 सेंटीमीटर धरा. एका फेऱ्याला सुमारे 31 सेंटीमीटर कापड गुंडाळलं जातं, सेकंदाला तीन मीटर. आपली ओढणी अडीच मीटरची असते.

म्हणजे पूर्ण ओढणी जायला एक सेकंदही लागत नाही, आणि हे गाडी आयडलला असताना. बेसावध माणसाला काहीतरी होतंय हे कळून हात हलवायलाच तेवढा वेळ जातो. माझ्या बाबतीत मला टोक गेल्याचं दिसलंच नव्हतं, त्याचं कारण हेच.

हा आकडा आमच्या निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांना वेगळ्या रीतीने सांगते. फवारणीचा ब्लोअर ट्रॅक्टरच्या मागच्या ज्या शाफ्टवर चालतो, त्या पीटीओची नेहमीची गती मिनिटाला 540 फेरे असते. त्या शाफ्टवर प्लॅस्टिकचं आवरण का असतं हे बागेत काम करणाऱ्या कुणालाही विचारा. चालू पीटीओ ओलांडू नये, जवळ पंचा गळ्यात ठेवू नये, हे बापाने मुलाला सांगितलेलं असतं. आयडलला असलेला उघडा क्लच त्या पीटीओच्या गतीला फिरतो, किंवा थोडा जास्तच. रेस दिली की कित्येक पट.

## "रेसवाले तर सर्रास वापरतात"

वापरतात. रेसच्या माणसाच्या अंगावर एकसंध चामड्याचा सूट असतो, बुटाची नाडी बाहेर नसते, कुठेही काही लोंबत नाही. ट्रॅकवर मागे बसणारा माणूस नसतो, कडेला मुलं नसतात. आणि एवढं असूनही रेसच्या नियमांत मागच्या चाकाच्या दातेरी चक्रापाशी, चेन जिथे आत शिरते तिथे, माशाच्या परासारखी एक पट्टी सक्तीची आहे, कारण पडलेल्या स्वाराचा हात किंवा बोटं तिथे ओढली जाऊ शकतात. ज्यांच्या अंगावर लोंबणारा धागा नाही त्यांनासुद्धा फिरत्या भागापासून दूर ठेवायची काळजी तिथे घेतली आहे.

आपल्या रस्त्यावर काय काय लोंबतं ते एकदा मोजून बघा. ओढणी, पदर, तोंडाला बांधलेल्या स्कार्फची टोकं, उपरणं, खांद्यावरचा पंचा, रेनकोटची नाडी, सॅकचा पट्टा, कंपनीचं गळ्यातलं ओळखपत्र, वेणी, मुलीच्या फ्रॉकचा मागचा बंद. श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला किंवा एरवीसुद्धा पंचवटीत रामकुंडाकडे जाताना अंगाबरोबर घट्ट बसणारे कपडे घातलेली किती माणसं दिसतात? 2026-27 च्या सिंहस्थात तर तिथे पायी चालणाऱ्यांच्या अंगाला घासून बाइक काढाव्या लागतील.

## "पाय तर लांब असतो"

चालवणाऱ्याचा उजवा पाय ब्रेकवर असतो आणि क्लचचं झाकण त्याच्या घोट्याच्या किंचित वर, आतल्या बाजूला. बूट आणि घट्ट जीन्स असेल तर अडचण नाही. पण पावसाळी पँट सैल असते, तिचा घोळ वाऱ्याने फडफडतो. लांब नाड्यांचे बूट असतात. पाय खाली टेकवताना आणि परत वर घेताना हे सगळं त्या झाकणाजवळून जातं. मागे एका अंगाने बसणाऱ्या बाईचे पाय डावीकडे असतात, त्यामुळे तिला उजवीकडच्या क्लचचा धोका कमी. मात्र तिच्या ओढणीचं किंवा पदराचं टोक उजवीकडून मागे सोडलेलं असेल तर तसं म्हणता येणार नाही.

## "आयडलला अडकलं तर इंजिनच बंद पडेल"

हा प्रश्न भाच्याने विचारला आणि तो चांगला आहे. कधी कधी पडेलही. पण कापड इंजिनला लगेच अडवत नाही. सुरुवातीचे काही फेरे ते नुसतं गुंडाळलं जातं, तेव्हा इंजिनवर भार जवळजवळ नसतो. कापड ताणलं जातं तेव्हा कुठे भार येतो, आणि तोवर दुसरं टोक ज्याच्या गळ्यात आहे त्याला हिसका बसलेला असतो. क्रँक, क्लच, बास्केट यांचं वजन गतीत असतं, ते एका क्षणात थांबत नाही. मान आणि इंजिन यांच्यात आधी कोण हार मानेल यावर विसंबायचं नाही. त्यात भर म्हणजे, बघणारे जमले की आवाज ऐकवायला कुणीतरी थोडी रेस देतंच.

## ज्यांच्याकडे अशी बाइक नाही, त्यांच्यासाठी

कोरड्या क्लचची बाइक नाशिकमध्ये हजारात एखाद्याकडेही नसेल. पण हेच गणित प्रत्येक बाइकच्या मागच्या चाकाला आणि चेनला लागू आहे, आणि तिथला धोका रोजचा आहे.

मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला जी जाळी किंवा पत्रा असतो, तो साडीगार्ड. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 123 वा नियम याचसाठी आहे: मागे माणूस बसवण्याची सोय असलेल्या मोटरसायकलला धरायला कायमची मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं, कपडे चाकात जाऊ न देणारं साधन हवं. या नियमाने गृहीत धरलं आहे की आपल्याकडे मागे बसणाऱ्याचे कपडे लोंबतात. मला हा फार शहाणा नियम वाटतो, कारण त्यात बाईने काय नेसावं हे सांगितलेलं नाही, गाडी कशी असावी हे सांगितलं आहे. यात चाकाचा उल्लेख आहे, क्लचचा नाही. पण कारण एकच आहे.

आणि नवी बाइक घरी आली की पहिल्या महिन्यात काय निघतं? साडीगार्ड. "लुक जातो" म्हणून. मग चेनचं पूर्ण झाकण जाऊन अर्धी पट्टी येते. कॉलेज रोडला कुठल्याही रांगेत उभ्या असलेल्या बाइक बघितल्या तर साडीगार्ड काढलेल्या सहज सापडतात. तीच बाइक संध्याकाळी आईला घेऊन भाजीबाजारात जाते.

चाकाची गतीही सांगते. बाइक ताशी 40 किलोमीटरने चालली असेल तर टायरचा घेर सेकंदाला 11 मीटर रस्ता कापतो. आरे त्याहून आत असतात म्हणून गुंडाळण्याची गती थोडी कमी, पण पाचवारी साडीचा पदर किंवा ओढणी जायला तिथेही पापणी लवायचा वेळ लागतो. ओढणी गळ्याभोवती वेढा घेऊन दोन्ही टोकं मागे सोडलेली असतील तर सगळा ताण मानेवर येतो. म्हणून दोन्ही टोकं पुढे घेऊन मांडीखाली दाबा किंवा कमरेला गाठ मारा. पदर कमरेला खोचा. पिनेवर भरवसा ठेवू नका. पिनेने पदर खांद्यावर राहतो, पण टोक मोकळंच असतं.

कारखान्यांत हा धडा फार आधी घेतला गेला. 1948 च्या कारखाने कायद्याने फिरते भाग झाकण्यासाठी कलम 21 आणि चालू यंत्राजवळच्या कामासाठी कलम 22 घातलं. त्यात अशा कामाला जाणाऱ्याचे कपडे अंगाबरोबर घट्ट असावेत, असंही लिहिलं. आमच्याकडे लेथवर आणि ड्रिलवर हातमोजेसुद्धा घालू देत नाहीत, नवी मुलं त्याचं आश्चर्य करतात. हातमोजा भाजण्या-कापण्यापासून वाचवतो, पण फिरत्या जॉबने, म्हणजे यंत्रावर घडवायला लावलेल्या तुकड्याने, त्याचा एक धागा धरला की आतला हातही जातो. पण त्या कायद्यात कपड्याचं कलम झाकणाच्या कलमानंतर आलं. आधी यंत्र झाकायचं. कपडे सांभाळा असं माणसाला सांगणं ही दुसरी पायरी, कारण माणूस विसरतो. मीही ॲप्रनमध्ये ओढणी खोचली होतीच की.

## झाकण कसलं बसवायचं

रस्त्यावर चालणाऱ्या कोरड्या क्लचच्या बाइकला कंपनीचं मूळ बंद झाकण सगळ्यांत चांगलं. ते सांभाळून ठेवलेलं नसेल तर मिळवा. हवा हवीच असेल तर बारीक फटींचं झाकण मिळतं. परीक्षा सोपी आहे, आणि ती इंजिन बंद आणि थंड असताना करायची: घरातल्या सगळ्यांत लहान मुलाच्या करंगळीएवढी पेन्सिल घ्या आणि प्रत्येक फटीतून आत घालून बघा. ती प्लेटला किंवा बोल्टला टेकली तर ते झाकण रस्त्यासाठी नाही. मग जुनी शिफॉनची ओढणी घ्या, तिचं टोक बोटाने फटीत ढकला. आत गेलं तर झाकण बदला किंवा आतून बारीक जाळी बसवा. जाळी बोल्टांपासून लांब आणि पक्की हवी. सैल जाळी स्वतःच आत जाईल, म्हणून हे काम घरी पान्याने करू नका, चांगल्या फिटरकडून करून घ्या.

उघडं झाकण ट्रॅकसाठी ठेवायचं असेल तर ठेवा, बदलायला फार वेळ लागत नाही. आणि झाकण कोणतंही असलं तरी बाइक लोकांना दाखवताना इंजिन बंद हवं. आवाज ऐकवायचा असेल तर आधी सगळ्यांना चार पावलं मागे घ्या.

## अडकलंच तर

कापड ओढू नका. पहिलं काम उजव्या मुठीजवळचं लाल बटण, म्हणजे किल स्विच. चावी शोधू नका, क्लचचा लिव्हर दाबून भागेल असंही समजू नका; वर सांगितलं तसं लिव्हर दाबला तरी बास्केट फिरत राहतं. आपल्या बाइकवरचं हे बटण डोळे मिटून सापडतं का, हे आज घरी उभ्या उभ्या करून बघा. घरातल्या इतरांनाही दाखवा, कारण अडकलेला माणूस चालवणारा स्वतःच असू शकतो.

इंजिन थांबल्यावर कापड आधी गळ्यापाशी कापा, मग यंत्रापाशी. चाकात अडकलं असेल आणि माणूस पडला असेल तर त्याला उचलून बसवू नका, मान वळवू नका, आहे तसं आधार देऊन धरा आणि 108 ला फोन करा. श्वासाला त्रास होतोय का, आवाज घोगरा झालाय का, मान सुजतेय का हे बघा. गळ्यावरचा ताण गेल्यावर माणूस बोलू लागला, "ठीक आहे" म्हणाला, तरी त्याला दवाखान्यात न्यायचंच. गळ्याच्या आतली सूज उशिराने वाढू शकते.

कापायला कात्री लागते. परवा भाच्याने मूळ झाकण परत बसवलं, मी शेजारी बसून स्क्रू मोजून हातात देत होते. सीटखालच्या टूलकिटमध्ये बोथट टोकाची एक कात्रीही मी ठेवली. अपघातात कपडे कापायला वापरतात तसली, मेडिकलच्या दुकानात मिळते.